चित्रविचित्र बातम्या आणि जगभरातल्या भानगडी (अट एकच, गाव आणि साल सांगा)

उंटावरचा शहाणा
काल मावशीने फॅमिली ग्रुपवर पुन्हा एकदा तो मेसेज टाकला, युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला जगात एक नंबर ठरवलं म्हणून. हा मेसेज मी कॉलेजात होतो तेव्हापासून बघतोय, युनेस्कोने स्वतः सांगून झालं की बाबांनो आम्ही असलं काही ठरवत नाही, पण मेसेज काही मरत नाही. मी तसं लिहिलं तर मावशी म्हणे तुला चांगलं काही बघवतच नाही. मग मी चिडून तिला बॉस्टनची गोष्ट टाकली, तर तिने हसणाऱ्या तोंडाची रांग लावली आणि वर "काहीही फेकतोस". म्हणजे खोटं गोड लागतं आणि खरं सांगितलं की फेकाफेक.

म्हणून हा धागा. जिलबी (उगाच पाडलेला धागा) वाटली तर वाटू दे.

तर बॉस्टन. १५ जानेवारी १९१९, दुपारची जेवणाची वेळ. शहराच्या नॉर्थ एंड भागात बंदराला लागून एक लोखंडी टाकी, ५० फूट उंच, आत साधारण ८७ लाख लिटर मळी. साखर काढून उरते ती मळी, तिच्यापासून अल्कोहोल करायचे, महायुद्धात दारूगोळ्याला ते लागायचं. टाकी पहिल्यापासूनच गळकी. गळती दुरुस्त करायच्या ऐवजी कंपनीने काय केलं तर टाकीला तपकिरी रंग मारला, म्हणजे ओघळ दिसायला नकोत! आजूबाजूची गरीब घरची पोरं डबे घेऊन यायची आणि ओघळ गोळा करून न्यायची. त्या दिवशी टाकी फुटली आणि मळीची लाट रस्त्यावर आली, दोन मजली घराएवढी, ताशी ५०-५५ किलोमीटरने. २१ माणसं गेली, दीडशे जखमी. घोडे तर किती अडकले. शेजारून जाणाऱ्या उन्नत रेल्वेचा खांब वाकला. कंपनी कोर्टात म्हणाली की कुणा अराजकवाद्याने बॉम्ब ठेवला होता. खटला बरीच वर्षं चालला आणि १९२५ ला कंपनी हरली.

आता तुम्ही टाका. फक्त "असं म्हणतात" चालणार नाही. कुठे, कधी आणि जमलं तर का.

लिंबूटिंबू
वाखुसा (वाचनखूण साठवली). पण मळीत माणूस मरतो कसा? पोहता येत नाही का? सिरियसली विचारतोय.

बॉयलिंगहाऊस
मी एका सहकारी साखर कारखान्यात ३१ वर्षं केमिस्ट होतो, रिटायर झालोय, त्यामुळे या विषयावर बोलायचा हक्क घेतो.

आधी शब्दाचं. आमच्याकडे शेतकरी "मळी" म्हणतो ती प्रेसमडला, म्हणजे रस स्वच्छ करताना जो काळा गाळ निघतो, ट्रॉल्या भरून शेतात टाकतात तो. सरकारी कागदात मात्र मळी म्हणजे मोलॅसिस. कारखान्यात आम्ही मोलॅसिसच म्हणतो नाहीतर घोळ होतो. आणि काकवी हे तिसरंच प्रकरण, ती गुऱ्हाळावरची, रसाचा गूळ व्हायच्या आधी उतरवलेली, ती भाकरीबरोबर खायची. बॉस्टनच्या बातम्यांचं भाषांतर करताना पेपरवाले "काकवीचा पूर" लिहितात ते वाचून मला त्रास होतो. काकवीत बुडून मरायचं भाग्य कुणाला मिळतं.

आता लिंबूटिंबूचा प्रश्न. मोलॅसिस पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड. एक लिटर म्हणजे किलो चारशे ग्रॅम. त्यामुळे माणूस बुडत नाही, उलट तरंगेल, पण लाट अंगावर आली की भिंत कोसळल्यासारखं होतं. आणि नंतर ते निवतं. जानेवारीची थंडी, निवलेलं मोलॅसिस म्हणजे डांबर. हात वर काढता येत नाही, छातीवर दाब, नाकातोंडात गेलं की खोकून बाहेर काढता येत नाही. नवीन हेल्परला आम्ही पहिल्या दिवशी हेच सांगायचो की बाबा टाकीवर चढलास तर पट्टा बांध, आत गेलास तर तुला काढायला शिडी नाही क्रेन लागेल.

उंटावरचा शहाणा
काका हे भारी. मी वाचलंय की दोनच दिवस आधी बोटीतून आलेला गरम माल त्या टाकीत आधीच्या थंड मालावर ओतला होता, त्याने काही झालं असेल का?

बॉयलिंगहाऊस
शक्य आहे. गरम माल आला की आंबण्याची क्रिया वाढते, गॅस होतो, दाब वाढतो. पण मूळ दोष पत्र्याचा असणार, टाकी धड असती तर एवढ्याने फुटत नाही. आमचा त्रास उलटा, थंडीचा नाही तर उन्हाळ्याचा. गळीत हंगाम संपता संपता एप्रिल-मे येतो आणि टाक्या भरलेल्या असतात. मोलॅसिस एका मर्यादेपेक्षा तापलं की स्वतःच आतून तापत जातं, फेस येतो, उकळल्यासारखं वर चढतं. लोक म्हणतात टाकी उतू गेली. मग टाकीवर बाहेरून पाण्याचे फवारे, आतलं पंपाने खालचं वर फिरवायचं, रात्रपाळीला माणूस दर तासाला थर्मामीटर बघतो. एका वर्षी मे महिन्यात मी स्वतः रात्री दोन वाजता टाकीच्या पत्र्याला हात लावून बघितलाय, हात ठेववत नव्हता. त्यात टाकीला एक्साईजचं सील, थेंब इकडचा तिकडे करायचा तर इन्स्पेक्टरसाहेबांना उठवायचं. असो. अवांतर झालं.

शंकासुर
अवांतर कसलं, धाग्यातला सगळ्यात खरा प्रतिसाद हाच आहे.

जोडीला लंडन. १७ ऑक्टोबर १८१४, टॉटनहॅम कोर्ट रोडजवळची ब्रूअरी, बिअरच्या अजस्र लाकडी पिंपाचं लोखंडी कडं निसटलं, पिंप फुटलं, मागच्या गरीब वस्तीत बिअरची लाट घुसली. ८ बळी, सगळ्या बायका आणि मुलं. ज्यूरीने निकाल दिला, दुर्दैवी अपघात, कुणाचा दोष नाही. लोक भांडी घेऊन बिअर प्यायला धावले वगैरे जे रंगवून सांगतात त्याला त्या वेळच्या वर्तमानपत्रांत आधार मिळत नाही, ते मागाहून चिकटवलेलं.

लिंबूटिंबू
माझ्याकडे एक आहे, कुणी मेलं नाही असं, म्हणजे हसायला हरकत नाही.

अमेरिकेत लुइझियाना राज्यात लेक पेन्यर नावाचं तळं. खोली किती तर दहाएक फूट, म्हणजे आपल्याकडचं मोठं शेततळंच. तळ्याखाली मिठाची खाण. २० नोव्हेंबर १९८० ला एक तेल कंपनी तळ्यात बोअर मारत होती आणि बहुतेक मोजमापात चुकली. ड्रिल अडकलं, मग मचाण कलायला लागलं, मग लोक पळाले. खाणीच्या छताला भोक पडलं होतं! सुरुवातीला ते फूटभर रुंदीचं, पण आत काय, मीठ. पाणी लागलं की विरघळणार. भोक मोठं होत गेलं आणि अख्खं तळं मोरीच्या भोकासारखं गरगरत खाली गेलं. ड्रिलिंगचं मचाण गेलं, ११ बार्ज (सपाट बुडाच्या मालवाहू नावा) गेले, काठावरची ६०-६५ एकर जमीन झाडांसकट गेली. तळ्यातून समुद्राकडे वाहणारा कालवा उलटा वाहायला लागला, म्हणजे समुद्राचं पाणी तळ्यात, आणि तिथे काही दिवस दीडशे फुटी धबधबा झाला. खाणीतली पन्नासेक माणसं सगळी बाहेर आली, कारण एका इलेक्ट्रिशियनने पाणी येताना बघून लगेच इशारा दिला होता. आणि कळस म्हणजे दोन दिवसांनी दाब सारखा झाल्यावर ११ पैकी ९ बार्ज बूचासारखे टुणकन वर आले.

गोड्या पाण्याचं तळं तेव्हापासून खारं आहे.

कोकमसरबत
मोरीचं भोक 😂😂 मी हे नवऱ्याला वाचून दाखवलं, तो बोअरवेलचा धंदा करतो, त्याला अजिबात हसू आलं नाही.

आजोळ
मुंबईचं कुणीच कसं टाकलं नाही अजून? आमच्या घरी हे लहानपणापासून ऐकतोय, आजोबा तेव्हा मस्जिद बंदरला एका पेढीवर कारकून होते.

१४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक. फोर्ट स्टिकीन नावाची बोट. आत काय काय भरलेलं ऐका, १४०० टन स्फोटकं, कापसाच्या गाठी, आणि सोन्याच्या विटा, एकेक वीट बारा-तेरा किलोची. कापूस आणि दारूगोळा एकाच बोटीत, म्हणजे आगपेटी आणि रॉकेल एका पिशवीत. दुपारी आग लागली, चारच्या सुमाराला पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. पार सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान गेले, १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो तो त्यांच्यामुळे.

आणि सोनं पडलं आकाशातून. डॉकपासून मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून वीट आत आली, त्यांनी ती सरकारजमा केली. नंतर गोदीतला गाळ काढताना कितीतरी वर्षं एखाददुसरी वीट सापडत राहिली, अगदी १९७० च्या दशकापर्यंत.

आजोबांच्या सांगण्यात सोनं कधीच नसायचं. ते सांगायचे कापसाचं. जळता कापूस हवेत उडत होता आणि जिथे पडेल तिथे नवीन आग. पेढीच्या गच्चीवर ते दोघंतिघं ओल्या गोणपाटांनी कापूस बडवत बसले होते संध्याकाळभर. चाळीत परत आले तर आजीने ओळखलं नाही, तोंड काळं आणि भुवया गायब. आजी म्हणे, "कोण हवंय?"

उंटावरचा शहाणा
आजोळ, यावर वेगळा धागा काढा. प्लीज.

न्यूजर्सीची नणंद
+१. अंगावर काटा आला शेवटच्या वाक्याला.

कोकमसरबत
बरं थोडं हलकं घेऊया. समुद्र माझा प्रांत.

१० जानेवारी १९९२, हाँगकाँगहून अमेरिकेला निघालेल्या जहाजावरून प्रशांत महासागरात वादळात काही कंटेनर पडले, एकात आंघोळीच्या टबातली प्लॅस्टिकची खेळणी, २८ हजार ८००. पिवळी बदकं, निळी कासवं, हिरवे बेडूक, लाल बीव्हर. पुठ्ठ्याची पाकिटं पाण्यात विरघळली आणि सगळी फौज मोकळी. दहाएक महिन्यांनी अलास्कात सिटकाच्या किनाऱ्यावर पहिली लागायला लागली. कर्टिस एब्समायर नावाचे समुद्रशास्त्रज्ञ, त्यांनी किनाऱ्यावर फिरणाऱ्या हौशी लोकांना हाताशी धरून कुठे कधी किती सापडली याचा हिशेब ठेवला आणि त्यावरून प्रवाहांचा अभ्यास केला. एरवी शास्त्रज्ञ समुद्रात पाचशे-हजार बाटल्या सोडतात, इथे २८ हजार फुकटात!

त्याआधी १९९० मध्ये असेच नायकेचे बूट पडले होते हजारोंनी. वर्षभर खाऱ्या पाण्यात राहूनही घालण्यासारखे होते म्हणे. पण डावा-उजवा एकत्र बांधलेला नव्हता, त्यामुळे लोकांना एकेकच सापडायचा. मग त्यांनी मेळावे भरवले, माझ्याकडे डावा दहा नंबर आहे, कुणाकडे उजवा? 😄

आमच्या किनाऱ्यावर असलं काही लागत नाही. चपला लागतात, त्याही एकेक, पण त्याचे मेळावे कोण भरवणार. हल्ली आमच्याकडे एकच बातमी, "व्हेलच्या उलटीसह दोघांना अटक". दर दोन महिन्यांनी. कोट्यवधींचा आकडा छापतात आणि मग गावातली पोरं किनाऱ्यावर प्रत्येक पिवळट दगड हुंगत फिरतात. मुळात ती उलटी नाहीच म्हणतात शास्त्रज्ञ, स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं ते अंबरग्रीस, आणि बहुतेक मागल्या दाराने बाहेर येतं. आपल्याकडे तो प्राणी संरक्षित आहे त्यामुळे ते बाळगणं आणि विकणं गुन्हा. माझ्या चुलत दिराने एकदा असा गोळा आणला होता घरी, चार दिवस कपाटात लपवला, पाचव्या दिवशी कळलं की ती बोटीतून पडलेली डालड्यासारखी चरबी होती. कपाटातल्या पैठणीला अजून वास आहे. दिराशी मी अजून नीट बोलत नाही.

शंकासुर
व्हेल आलाच आहे तर ओरेगॉन विसरून चालणार नाही. १२ नोव्हेंबर १९७०, फ्लॉरेन्स गाव, किनाऱ्यावर ४५ फुटी मेलेला स्पर्म व्हेल, वास सुटलेला. किनारे तिथल्या हायवे खात्याच्या ताब्यात, त्यांनी विचार केला की रस्त्यात दगड आला तर आपण काय करतो? सुरुंग लावतो. अर्धा टन डायनामाईट लावलं. कल्पना अशी की बारीक तुकडे होतील आणि समुद्रपक्षी खाऊन टाकतील. प्रत्यक्षात चरबीच्या लाद्या आकाशातून पडल्या, पाव मैलावर उभी केलेली एक नवीकोरी गाडी चेपली गेली, पक्षी आवाजाने घाबरून पळाले ते आलेच नाहीत, आणि बराचसा व्हेल जागच्या जागी तसाच. टीव्हीचा वार्ताहर तिथे हजर, त्यामुळे सगळं फिल्मवर आहे. ५० वर्षांनी, २०२० मध्ये, गावाने एका बागेला नाव दिलं, एक्स्प्लोडिंग व्हेल मेमोरियल पार्क.

१९७९ मध्ये त्याच भागात ४१ व्हेल लागले. तेव्हा मुकाट्याने जाळले आणि पुरले.

लिंबूटिंबू
"रस्त्यात दगड आला तर" 😭 हे पीडब्ल्यूडी सगळीकडे सारखंच.

मेहकरची मैना
आमचं लोणार घ्या की. जून २०२०, लॉकडाऊनमध्ये सगळे घरात आणि अचानक सरोवर गुलाबी. मी शेजारच्या तालुक्यातली, आम्हाला बाहेर पडायची बंदी त्यामुळे गावातल्या गावात फोटो फिरत होते आणि प्रत्येकाकडे वेगळं कारण. कोण म्हणे कोरोनामुळे प्रदूषण कमी झालं म्हणून, कोण म्हणे उल्का परत जागी झाली, एक काका म्हणाले कुणीतरी रंगाचं पोतं टाकलंय.

नंतर पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासले. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मीठ आवडणारे सूक्ष्मजीव वाढले, हॅलोआर्किया, त्यांचाच रंग गुलाबी. मला आवडलेली गोष्ट म्हणजे बाटलीत पाणी ठेवल्यावर ते जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे पाणी गुलाबी नव्हतंच, पाण्यात राहणारे गुलाबी होते. पाऊस आला आणि रंग गेला. आईला सांगितलं तर म्हणाली, "मंग मी काय म्हणत होते, मीठ जास्त झालं की रंग बदलतोच," ती लोणच्याचं बोलत होती पण चूक काय म्हणा.

आजोळ
पाण्याचं निघालंय तर माहीम २००६. १८ ऑगस्ट, शुक्रवार. अफवा आली की माहीमचा समुद्र गोड झाला. लोक बाटल्या, कळश्या घेऊन धावले आणि प्यायले!! माहीमच्या खाडीचं पाणी!! प्लॅस्टिक हाताने बाजूला सारून. पालिका ओरडून सांगतेय पिऊ नका पिऊ नका. पावसाळ्यात मिठी नदीतून गोडं पाणी येतं, ते हलकं म्हणून वर राहतं, खारटपणा कमी लागतो, इतकंच. दुसऱ्या दिवशी गुजरातेत तिथल नावाच्या किनाऱ्यावर पण समुद्र गोड झाल्याची बातमी, आणि त्याच दोनतीन दिवसांत गणपती पुन्हा दूध प्यायला लागला. तो आठवडाच तसा होता.

मी गेलो होतो बघायला. प्यायलो नाही. मित्र प्यायला. तो ठणठणीत आहे, पण त्या काळात तो खाऊगल्लीतलं पण सगळं पचवायचा.

चष्मिष
गणपती दूध प्यायला ते खरं १९९५ चं. २१ सप्टेंबर. तेव्हा मी सहावीत, साताऱ्याला. सकाळी शाळेत निघालो तर गल्लीतल्या देवळापासून कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत रांग, प्रत्येकाच्या हातात वाटी-चमचा. मोबाईल नव्हते तरी दुपारपर्यंत लंडनला पण रांगा लागल्या होत्या, नुसत्या फोनवर. माझा नंबर आला आणि मी चमचा सोंडेला लावला, आणि खरंच दूध कमी झालं. हात थरथरत होता माझा. पण माझी उंची कमी, त्यामुळे मला जे दिसत होतं ते मोठ्यांना दिसत नव्हतं. सोंडेखालून, पोटावरून एक पातळ ओघळ खाली पाटापर्यंत आला होता आणि पाटाखालचं फडकं भिजून चिंब. मी बाबांना म्हटलं खाली दूध आहे. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे, ते हळूच म्हणाले, "माहितेय, घरी गेल्यावर बोलू." घरी आल्यावर त्यांनी तांब्याचा गडू, चमचा आणि हळद घातलेलं दूध घेतलं, पिवळा ओघळ दिसला. पृष्ठताण (द्रवाच्या पृष्ठभागावरचा ताण, त्यानेच चमच्यातलं दूध मूर्तीकडे ओढलं जातं) हा शब्द मी त्या दिवशी शिकलो. दिल्लीतल्या शास्त्रज्ञांनी पण रंगीत दूध घेऊनच दाखवलं हे नंतर वाचलं.

भक्तपुंडलिक
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

उंटावरचा शहाणा
इथे श्रद्धेवरून भांडण नको, भांडायला दुसरे धागे पडलेत. चष्मिष, बाबांनी देवळात का नाही सांगितलं?

चष्मिष
विचारलं होतं. म्हणाले रांगेत माझी आई पण होती.

लिंबूटिंबू
मी टाकतो एक. इंग्रजांनी दिल्लीत मेलेल्या नागामागे बक्षीस ठेवलं तर लोकांनी नाग पाळायलाच सुरुवात केली. बक्षीस बंद झाल्यावर सगळे नाग सोडून दिले. कोब्रा इफेक्ट म्हणतात त्याला, आमच्या इकॉनॉमिक्सच्या सरांनी सांगितलंय.

शंकासुर
साल? (मला माहीत होतं कुणीतरी हे टाकणार.) सगळे सांगतात, पण त्या काळातला धड पुरावा कुणी दाखवत नाही. मात्र हुबेहूब तशी गोष्ट खरी घडलीय, हनोईत, १९०२ मध्ये. फ्रेंचांनी शहरात गटारं बांधली, गटारांत उंदीर झाले, प्लेगची भीती. मग उंदरामागे बक्षीस, पुरावा म्हणून नुसती शेपटी आणायची, कारण ढीगभर मेलेले उंदीर ठेवायचे कुठे. हजारोंनी शेपट्या आल्या! साहेब खूश. आणि मग रस्त्यावर बिनशेपटीचे उंदीर हिंडताना दिसायला लागले. लोक शेपटी कापून उंदीर सोडून द्यायचे, पुढची पिल्लावळ व्हायला. शहराबाहेर उंदीरपालन पण सापडलं. तर सरांना सांग, नागाच्या जागी उंदीर घाला.

दूरदेशी
एडिनबर्गहून छोटीशी. इथल्या झूमध्ये एक पेंग्विन नॉर्वेच्या राजाच्या रक्षकदलात मेजर जनरल आहे. निल्स ओलाव्ह. १९७२ मध्ये लान्स कॉर्पोरल म्हणून सुरुवात, २००८ ला सर, २०२३ ला मेजर जनरल. अर्थात पेंग्विन बदलतात, हुद्दा पुढच्याला मिळतो. माझी मुलगी विचारते, याला पगार मासे मिळतात का. माझं प्रमोशन चार वर्षं अडकलंय म्हणून मी तिथे जास्त वेळ थांबत नाही.

चष्मिष
सरकारी हुद्द्यावरून आठवलं. लालबिहारी मृतक माहीत आहेत का कुणाला? उत्तर प्रदेशातल्या आझमगढचे. सत्तरच्या दशकात हातमागासाठी कर्ज काढायला गेले, ओळखीचा पुरावा मागितला म्हणून जमिनीचे कागद काढले, तर कागदावर ते मेलेले. काकाने जमिनीसाठी केलेला उद्योग. एकरभर पण जमीन नव्हती. मग या माणसाने काय काय केलं, नावापुढे "मृतक" लावलं, मृतक संघ काढला, बायकोसाठी विधवा पेन्शनचा अर्ज केला, आणि १९८९ मध्ये अमेठीत राजीव गांधींविरुद्ध निवडणूक लढवली, जिंकायला नाही, उमेदवारांच्या यादीत जिवंत म्हणून नाव छापून यावं म्हणून. १९९४ मध्ये सरकारने मान्य केलं की हे जिवंत आहेत. २००३ ला इग नोबेल (नोबेलच्या धर्तीवरचं गमतीचं बक्षीस) मिळालं, शांततेचं.

हे मी आज का लिहितोय तर आमचे बाबा, वरचे दुधवालेच, वय ८१, सध्या मेलेले आहेत. दर वर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. यंत्रावर अंगठा उमटेना, आयुष्यभर खडू धरून बोटं गुळगुळीत झालीत. मग कागदावर फॉर्म दिला, तो कुठेतरी गहाळ. तीन महिने पेन्शन नाही. काउंटरवरची मुलगी चांगली होती बिचारी, म्हणाली, "आजोबा, सिस्टिममध्ये तुम्ही बंद दिसताय." बाबा म्हणाले, "बाई, उघडायचं बटण कुठे असतं?" मागची रांग हसली, काम झालं नाही.

बॉयलिंगहाऊस
चष्मिष, हा त्रास आम्हालाही झाला, सौ.च्या फॅमिली पेन्शनला, म्हणजे तिच्या आईच्या. आता चेहरा दाखवून मोबाईलवर होतं, अंगठा लागत नाही. नातवंडांपैकी कुणाला तरी सांगा, उजेडात बसवा आणि डोळे मिचकवायला सांगा. सासूबाई मिचकवत नव्हत्या, म्हणाल्या जावयासमोर डोळे मारू का.

न्यूजर्सीची नणंद
काका 😂😂😂

उंटावरचा शहाणा
मावशीला हा धागा पाठवला. तिचं उत्तर, "पेंग्विनचं खरं वाटतं, बाकी फेकाफेक." आणि खाली तोच राष्ट्रगीताचा मेसेज परत.

चष्मिष
अपडेट. काकांनी सांगितलं तसं केलं, बाबांना खिडकीत बसवलं, तिसऱ्या वेळी चेहरा जुळला. आज पैसे जमा झाले, तीन महिन्यांचे एकदम. बाबा पासबुक दोनदा वाचून आता विचारतायत, मधले तीन महिने मी नव्हतो तर त्या काळातलं लाईट बिल कुणी भरलं आणि ते परत मागता येईल का.